शंभरांतल्या आठ जणी

घाटंजीजवळच्या आमच्या गावातल्या एका काकूंना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाल्याचं कळलं, तेव्हा त्यांचा मुलगा कागदांची पिशवी घेऊन आधी शाळेतल्या गुरुजींकडे गेला. गुरुजींनी त्याला माझ्याकडे पाठवलं. मी काही डॉक्टर नाही. किरणांचा पेशींवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणारा संशोधक आहे. पण गावात एवढंही पुरतं.

मुलाचे प्रश्न सरळ होते. "भाऊ, डॉक्टर म्हणते लाइट बी द्या लागते अन् दर आठवड्याले किमोची सलाईन बी. दोन्ही संगच कायले? एकानं भागत नाही काय? अन् मायले झेपन का?"

हे तीन प्रश्न ऐकून मी थोडा गप्पच झालो. कारण जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांनी गेली पन्नास वर्षं नेमके हेच तीन प्रश्न विचारले आहेत. दोन्ही एकदम का? एकानं का भागत नाही? आणि रुग्णाला ते झेपेल का? त्यातल्या एका महत्त्वाच्या उत्तराचा शोध तर आपल्याच राज्यात, मुंबईत, काकूंसारख्याच बायकांच्या मदतीनं लागला. त्या शोधाची ही हकिकत आहे. तुमच्याकडेही कधी ना कधी एखादं घर अशी पिशवी घेऊन येईल, म्हणून ती शिक्षकांना माहीत असावी असं वाटतं.

दोन उपचार, दोन जन्मकथा

राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले ते १८९५ साली. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्यूरी यांना रेडियम सापडलं. हे किरण कातडी भाजतात हे लवकरच लक्षात आलं, आणि जे निरोगी कातडीला भाजतं ते गाठीलाही भाजेल, या साध्या तर्कानं किरणोपचार सुरू झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर तर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच रेडियम वापरायला सुरुवात झाली. पुढे फ्रान्समध्ये क्लोद रेगो आणि आंरी कुतार यांनी दाखवलं, की एकदम मोठी मात्रा देण्याऐवजी ती रोज थोडी थोडी, काही आठवडे विभागून दिली, तर निरोगी ऊतींना सावरायला वेळ मिळतो आणि गाठ मात्र आटत जाते. आजही किरणोपचार आठवड्यातले पाच दिवस, थोडे थोडे करून देतात, त्याचं मूळ इथं आहे. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० वापरणारी यंत्रं आली आणि शरीरात खोलवर असलेल्या गाठीपर्यंत किरण पोचवणं सोपं झालं.

रसायनोपचाराची म्हणजे केमोथेरपीची कथा वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे मस्टर्ड वायूच्या जातीच्या विषारी रसायनांचा अभ्यास करत होते. ही रसायनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं कमी करतात, असं त्यांना दिसलं. तेव्हा पांढऱ्या पेशींच्याच कर्करोगावर ती का वापरू नयेत, असा विचार त्यांनी केला, आणि १९४२ साली एका रुग्णाला त्यातलं नायट्रोजन मस्टर्ड दिलं. गाठी आटल्या. त्या काही महिन्यांतच परत आल्या, पण औषधानं कर्करोग आटू शकतो हे प्रथमच दिसलं. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग काही काळ आटोक्यात आणला. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

दोन्ही उपचारांमधला फरक लक्षात घ्या. किरण जिथं पडतात तिथंच काम करतात, तो स्थानिक उपचार. औषध रक्तातून सर्व शरीरभर जातं, तो सर्वांगीण उपचार. मग दोन्ही एकत्र का करू नयेत?

एकत्र येण्याची सुरुवात

१९५०च्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स हायडेलबर्गर यांनी फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल हे औषध तयार केलं. ते किरणांबरोबर दिलं तर उंदरांमधल्या गाठींवर किरणांचा परिणाम वाढतो, असं त्यांच्या गटाला आढळलं. पण डॉक्टरांचं लक्ष वेधलं ते १९७४ साली. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये नॉर्मन नायग्रो हे शल्यविशारद गुदद्वाराच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करत. शस्त्रक्रिया सोपी जावी म्हणून त्यांनी तीन रुग्णांना आधी फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल, मायटोमायसिन आणि मध्यम मात्रेत किरण, असं सगळं एकत्र दिलं. दोघांवर नंतर शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या भागात कर्करोगाचा मागमूस नव्हता. तिसऱ्या रुग्णानं शस्त्रक्रियेला नकार दिला, आणि तरीही त्याची गाठ परतली नाही. ज्या रोगात रुग्णाला आयुष्यभर पोटावर शौचाची पिशवी लावून राहावं लागे, त्यात शस्त्रक्रियेशिवाय बरं होण्याची वाट तीन रुग्णांमधून उघडली.

याच सुमारास आणखी एक औषध पुढे येत होतं. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर होणारा परिणाम पाहत होते. त्यांच्या प्रयोगात जिवाणू वाढत होते, पण त्यांचं विभाजन थांबून ते लांबलचक धागे बनत होते. कारण शोधता शोधता कळलं की हे विजेचं काम नव्हतं; विद्युताग्र प्लॅटिनमचे होते आणि त्यातून बनलेली संयुगं विभाजन थांबवत होती. त्यातलंच एक सिसप्लॅटिन. हे संयुग रसायनशास्त्राला १८४५पासून ठाऊक होतं, पण ते औषध आहे हे सव्वाशे वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. १९७८ साली त्याला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. आमच्या काकूंना दर आठवड्याला लावायची होती ती सलाईन याच औषधाची.

दोन अधिक दोन पाच का?

आता मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. दोन्ही एकदम कशाला?

किरण पेशीतून जातात तेव्हा ते बरंचसं काम पाण्यामार्फत करतात. पेशीत पाणीच जास्त. किरणांनी पाण्याच्या रेणूंचे तुकडे होऊन अतिशय क्रियाशील मुक्त मूलकं तयार होतात आणि ती डीएनएच्या धाग्यावर हल्ला करतात. धागा तुटतो. जवळपास ऑक्सिजन असेल तर ही तूट पक्की होते, नसेल तर पेशीला ती सांधता येते. इंग्लंडमधल्या लुई हॅरल्ड ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ऑक्सिजनचं हे महत्त्व मांडलं. मोठ्या गाठीच्या आतल्या भागात रक्त नीट पोचत नाही, म्हणून तिथल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत. रुग्णाच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर ही अडचण आणखी वाढते. एकानं का भागत नाही, या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग हा आहे.

सिसप्लॅटिन डीएनएच्या धाग्याला चिकटतं आणि त्यात वेड्यावाकड्या गाठी मारतं. किरणांनी तुटलेला धागा सांधायला पेशीची दुरुस्ती यंत्रणा येते, तिला या गाठींमुळे काम करता येत नाही. म्हणजे औषध स्वतः काही पेशी मारतंच, शिवाय किरणांनी अर्धमेल्या झालेल्या पेशींना सावरू देत नाही. तिसरी गोष्ट अशी, की किरणांच्या टापूबाहेर निसटलेल्या एखाद-दुसऱ्या पेशीपर्यंतही औषध पोचू शकतं, तिथं किरणांचा काही उपयोग नसतो.

पण हाच तर्क उलट्या दिशेनंही चालतो. औषधाला आणि किरणांना चांगली पेशी आणि वाईट पेशी असा भेद पूर्णपणे करता येत नाही. आतड्याचं अस्तर, तोंडातली कातडी, हाडांतला रक्त बनवणारा मगज, या सगळ्या ठिकाणी पेशी भराभर विभागत असतात. तिथं हानीचीही बेरीज होते. म्हणून एकत्र उपचारांचा फायदा किती, हे विचारताना लगेच दुसरं विचारावं लागतं: किंमत किती?

१९९९ची घोषणा आणि आपल्याकडची शंका

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हा प्रश्न १९९९ साली ऐरणीवर आला. अमेरिकेत झालेल्या पाच चाचण्यांचे निष्कर्ष जवळजवळ एकाच वेळी हाती आले. पाचही चाचण्यांमध्ये किरणांबरोबर सिसप्लॅटिन दिलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचा धोका ३० ते ५० टक्क्यांनी कमी दिसत होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं डॉक्टरांना खास सूचना पाठवली, की किरणोपचार लागणाऱ्या रुग्णांना त्याबरोबर सिसप्लॅटिनयुक्त औषध देण्याचा जोरकस विचार व्हावा.

आपल्याकडच्या डॉक्टरांनी ही बातमी वाचली तेव्हा त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली. त्या चाचण्यांमधल्या बऱ्याच स्त्रियांचा रोग आधीच्या टप्प्यांवरचा होता. आपल्याकडच्या रुग्णालयांत येणाऱ्या पुष्कळ बायका तिसऱ्या टप्प्यात येत. गाठ ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीपर्यंत पोचलेली किंवा मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंड फुगलेलं. याला तज्ज्ञ ३-ब टप्पा म्हणतात. सिसप्लॅटिन हे मूत्रपिंडाला त्रास देणारं औषध. त्यात अंगात रक्त कमी, वजन कमी. अशा बाईला हे औषध फायद्याचं ठरेल की तोट्याचं?

शंका निराधार नव्हती. २००२ साली कॅनडातल्या एका चाचणीचा निष्कर्ष आला. २५३ स्त्रियांमध्ये पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण फक्त किरण घेतलेल्यांत ५८ टक्के, दोन्ही घेतलेल्यांत ६२ टक्के. हा फरक इतका लहान होता की तो योगायोगानंही पडू शकला असता. पुढे २००८ साली अनेक देशांतल्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. एकूण फायदा शंभरात सहा जणींचा निघाला, पण टप्प्यानुसार पाहिलं तर तो घटत गेला: सुरुवातीच्या टप्प्यात सुमारे १०, मधल्या टप्प्यात ७, आणि तिसऱ्या टप्प्यापासून पुढे अवघा ३. म्हणजे ज्या बायका आपल्याकडे सर्वांत जास्त दिसत, त्यांच्याविषयीचा पुरावाच सर्वांत दुबळा होता.

अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात. एक, बाहेरचं आहे म्हणजे बरोबरच असणार असं मानून डोळे मिटून स्वीकारणं. दुसरी, आमची माणसं वेगळी असं म्हणून सोडून देणं. टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिसरी, लांबची वाट धरली. त्यांनी ते तपासून पाहायचं ठरवलं.

आठशे पन्नास बायका

टाटा मेमोरियल रुग्णालय परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९६२पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. मुंबईबाहेरचे, राज्याबाहेरचेही रुग्ण तिथं मोठ्या संख्येनं येतात. जुलै २००३ मध्ये तिथं डॉ. श्यामकिशोर श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी सुरू केली. ३-ब टप्प्यातल्या स्त्रियांची, त्यांच्या संमतीनं, दोन गटांत वाटणी करायची. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवणार नाहीत, रुग्णही नाहीत. चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक वाटणी. असं का? डॉक्टरांनी निवड केली, तर धडधाकट बायका नकळत औषधाच्या गटात जातील आणि औषधाला फुकटचं श्रेय मिळेल. चिठ्ठीला धडधाकट आणि अशक्त यातला फरक कळत नाही, हाच तिचा गुण.

एका गटाला फक्त किरण: बाहेरून यंत्रानं, आणि मग आतून, गर्भाशयमुखाजवळ किरणोत्सर्गी स्रोत ठेवून. दुसऱ्या गटाला हेच किरण आणि शिवाय दर आठवड्याला सिसप्लॅटिन. सप्टेंबर २०११पर्यंत ८५० स्त्रिया चाचणीत आल्या. ४२६ एका गटात, ४२४ दुसऱ्या गटात. मग या बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. पाठपुराव्याचा मध्यक काळ ८८ महिने, म्हणजे सात वर्षांहून अधिक. निष्कर्ष छापून आले ते २०१८ साली. प्रश्न विचारल्यापासून उत्तर हाती यायला पंधरा वर्षं लागली.

उत्तर असं: पाच वर्षांनी फक्त किरण घेतलेल्या गटात शंभरातल्या ४६ जणी हयात होत्या. दोन्ही घेतलेल्या गटात ५४. पाच वर्षं रोग न परतता जगलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ४३.८ आणि ५२.३ टक्के. एवढ्या मोठ्या संख्येत हा फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता फार कमी होती. दुसऱ्या बाजूला, उपचार चालू असताना रक्तपेशी घटण्याचा त्रास औषधाच्या गटात जास्त होता.

म्हणजे शंका रास्त होती, पण उत्तर औषधाच्या बाजूनं लागलं. पुढच्या टप्प्यातल्या, आपल्याकडच्या बायकांनाही दोन्ही उपचारांचा फायदा होतो.

आठ म्हणजे किती?

इथं गणिताच्या तासाला करता येईल असं एक उदाहरण आहे. फळ्यावर शंभर टिंबं काढा. ४६ टिंबांना गोल करा: या बायका नुसत्या किरणांनीही पाच वर्षं जगल्या असत्या. आणखी ८ टिंबांना वेगळ्या रंगाचा गोल करा: या औषधामुळे जगल्या. उरलेली ४६ टिंबं तशीच ठेवा: या दोन्ही उपचार घेऊनही जगल्या नाहीत.

आता मुलांना विचारा, औषधाचा त्रास किती जणींनी सोसला? शंभर जणींनी. फायदा किती जणींना झाला? आठ जणींना. त्या आठ कोणत्या हे आधी सांगता येतं का? नाही. १०० भागिले ८ केलं तर साडेबारा येतात. सुमारे बारा-तेरा बायकांना औषध दिलं, तर त्यातली एक जास्तीची पाच वर्षं पार करते.

दुसरा प्रश्न असा विचारा: मृत्यू ५४वरून ४६वर आले, म्हणजे किती टक्क्यांनी कमी झाले? ८ भागिले ५४, म्हणजे सुमारे १५ टक्के. मघाच्या "३० ते ५० टक्के" या आकड्याचा अर्थ इथं कळेल. तो असाच तुलनेतला आकडा होता, "शंभरातल्या तीस ते पन्नास जणी वाचल्या" असा नव्हे. वर्तमानपत्रात औषधाच्या यशाची टक्केवारी छापून येते, तेव्हा ती कशाची टक्केवारी, हे विचारायची सवय मुलांना लागली तर या धड्याचं चीज झालं.

आठ हा आकडा लहान की मोठा? मी त्या मुलाला एवढंच म्हणालो, "या आठांत तुझी आई असू शकते." पण ते म्हणताना उरलेली ४६ टिंबंही मी त्याला दाखवली. अर्धं सत्य सांगून घेतलेली संमती ही संमती नव्हे.

झेपेल का?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. त्रास दोन प्रकारचे असतात: लगेचचे आणि उशिराचे.

लगेचचे त्रास उपचार चालू असताना होतात. किरणांमुळे जुलाब, लघवीला जळजळ, कातडी काळवंडणं, थकवा. औषधामुळे मळमळ आणि उलट्या. एके काळी सिसप्लॅटिन म्हटलं की रुग्ण उलट्यांच्या भीतीनंच पळून जात. १९९०च्या दशकात ऑन्डान्सेट्रॉनसारखी उलटी थांबवणारी औषधं आल्यावर हे चित्र बरंच पालटलं. ओटीपोटाच्या हाडांत रक्त बनवणाऱ्या मगजाचा मोठा हिस्सा असतो. तिथं किरणही पडतात आणि औषधही पोचतं, म्हणून पांढऱ्या पेशी कमी होतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. यासाठी दर आठवड्याला रक्त तपासतात आणि गरज पडली तर एखादी सलाईन पुढे ढकलतात किंवा वगळतात. घरच्यांना वाटतं, उपचार थांबवला. तसं नसतं. औषधाची एखादी खेप चुकली तरी किरण शक्यतो चुकू देत नाहीत.

सिसप्लॅटिन मूत्रपिंडावर ताण आणतं, म्हणून त्याच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन देतात. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात जुलाब-उलट्या झालेली बाई "पाणी प्यायलं की मळमळते" म्हणून पाणी टाळू लागली, तर हा ताण वाढतो. डॉक्टरांना ते लगेच कळवायला हवं. कानात शिट्टी वाजल्यासारखं होणं, बारीक आवाज ऐकू न येणं, तळपायांना मुंग्या येणं, हेही या औषधाचे परिणाम आहेत, आणि ते कधी कधी कायमचे राहतात.

उशिराचे त्रास मुख्यतः किरणांचे असतात आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसतात: शौचातून किंवा लघवीतून रक्त, योनिमार्ग आखडणं, तरुण स्त्रीची पाळी कायमची थांबणं. जुन्या चाचण्यांमध्ये या त्रासांची नोंद लगेचच्या त्रासांइतकी नीट ठेवलेली नव्हती. बायका हे बोलून दाखवायला संकोचतात, हेही खरं. पण यातल्या बऱ्याच तक्रारींवर उपाय असतात, आणि शौचातून रक्त आलं म्हणजे रोग परतलाच असं नसतं.

खर्ऱ्याच्या गावात

आपल्या जिल्ह्यात हा विषय बायकांपुरता थांबत नाही. विदर्भात पानठेल्यावर खर्रा घोटून मिळतो, आणि तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण जवळजवळ प्रत्येक गावाला माहीत असतात. तोंड आणि घशाच्या पुढे गेलेल्या कर्करोगातही किरणांबरोबर सिसप्लॅटिन देतात. ते दर तीन आठवड्यांनी मोठ्या मात्रेत द्यावं, की दर आठवड्याला थोडं थोडं? दुसरी पद्धत सोसायला सोपी, म्हणून आपल्याकडे ती पुष्कळ ठिकाणी रूढ होती. टाटा रुग्णालयात डॉ. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी ३०० रुग्णांवर तेही तपासलं. २०१८ साली आलेल्या निष्कर्षानुसार, दोन वर्षांनी रोग मूळ जागी आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण साप्ताहिक, ३० मिलिग्रॅमच्या गटात ५८.५ टक्के, तर तीन आठवड्यांच्या मोठ्या मात्रेच्या गटात ७३.१ टक्के होतं. पण गंभीर त्रासही ७१.६ टक्क्यांवरून ८४.६ टक्क्यांवर गेले होते. पुढे २०२२ मध्ये जपानमधल्या चाचणीत साप्ताहिक मात्रा ४० मिलिग्रॅम ठेवली, तेव्हा ती मोठ्या मात्रेपेक्षा कमी पडली नाही. म्हणजे "थोडं थोडं" हे नेमकं किती थोडं, यावर सारं अवलंबून होतं.

ज्यांना सिसप्लॅटिन चालतच नाही, त्यांचं काय? टाटा रुग्णालयातच डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी अशा ३५६ रुग्णांच्या चाचणीत किरणांबरोबर डोसिटॅक्सेल हे दुसरं औषध देऊन पाहिलं. २०२३ साली आलेला निष्कर्ष: दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेलं. तोंड गंभीरपणे सोलवटण्याचं प्रमाण मात्र २२ टक्क्यांवरून जवळजवळ ५० टक्क्यांवर गेलं. ज्याचं तोंड सोलवटलं, त्याला भाकर तर सोडाच, पेजही गिळवत नाही; नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागतं.

प्रत्येक वेळी हिशेब दोन रकान्यांचा आहे, हे इथं पुन्हा दिसतं.

छप्पन्न दिवस

आता यवतमाळच्या माणसाला सर्वांत जवळून भिडणारी गोष्ट. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचे आणि आतले असे सर्व किरण मिळून आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत संपले पाहिजेत. १९९०च्या दशकातल्या अनेक अभ्यासांत दिसलं, की त्यापुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे अर्धा ते एक टक्क्यानं घटते. कारण वाचलेल्या कर्कपेशी मधल्या सुट्टीत भराभर वाढतात.

हिशेब करून पाहा. औषधानं शंभरात आठ जणी मिळवल्या. आणि पेरणीसाठी, घरातल्या लग्नासाठी, पैसे संपले म्हणून दहा-बारा दिवस घरी राहिलं, तर त्या कमाईतला मोठा वाटा हातचा जाऊ शकतो. नागपूर इथून सुमारे दीडशे किलोमीटर. आमच्या भागातल्या पुष्कळ बायका नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जातात, काही सेवाग्रामला, काही थेट मुंबईला. रोज एस.टी.नं ये-जा करून पाच-सहा आठवडे उपचार पुरे करणं फार कठीण. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार आणि केमो दोन्ही बसतात, रेल्वे प्रवासात कर्करुग्णांना सवलत असते. पण सोबत राहणाऱ्या माणसाची बुडणारी मजुरी कुठल्याच योजनेत नसते. उपचार मध्येच का सुटला, याचं कारण बहुधा औषधाच्या बाटलीत नसून इथं असतं. आणि इथंच गावाला, शाळेला काही करता येतं: राहण्याची सोय विचारून देणं, कागद भरून देणं, मागं राहिलेल्या लेकरांकडे पाहणं, आणि "आता बरं वाटते, राहू दे" असं बाई म्हणाली की तिला परत पाठवणं.

पुढे काय?

संशोधन थांबलेलं नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यात ब्रिटनबरोबर भारतातल्याही रुग्ण होत्या, एकत्र उपचारांच्या आधी सहा आठवडे दोन औषधांची केमो दिली, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ७२ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं. पुन्हा आठच! गंभीर त्रास मात्र ४८ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर गेले. आणि यातल्या बहुतेकींचा रोग दुसऱ्या टप्प्यात होता. मग ३-ब टप्प्यातल्या आपल्या बायकांना तो लागू पडेल का? २००३ साली परळला विचारलेला प्रश्न पुन्हा दारात उभा आहे.

याहून मोठा फायदा मात्र रोग लवकर सापडण्यात आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात २००९ साली दिसलं, की एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तो अभ्यासही मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या बायकांनीच शक्य केला.

काकूंना पाचपैकी चार सलाईन लागल्या. एका आठवड्यात पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या, म्हणून ती खेप वगळली. किरण पूर्ण झाले, चोपन्नाव्या दिवशी. मधल्या काळात मुलाच्या शेतात शेजाऱ्यांनी सरकी टोबली. त्या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. दर तीन महिन्यांनी त्या तपासणीला नागपूरला जातात. उजव्या कानात शिट्टी वाजते म्हणतात. त्या कुठल्या टिंबात आहेत, हे त्यांना ठाऊक नाही आणि मलाही नाही.

ज्या आठशे पन्नास बायकांनी चिठ्ठीवर आपलं नाव सोपवलं, त्यांची नावं कुठल्याही लेखात छापलेली नाहीत. त्यांच्यातल्या निम्म्या जणींना औषध मिळालं नाही, आणि त्यामुळेच आपल्याला औषधाचा गुण कळला. वर्गात शंभर टिंबं काढाल तेव्हा त्यांची आठवण जरूर सांगा.